घण उचलण्यापूर्वी

एक्स्कॅव्हेटरची बकेट उतरवायची आहे, पण आर्मला जोडणारी पिन जागची हलत नाही. आखातात बांधकामावर असलेल्या आपल्यापैकी कित्येकांना हा अनुभव असेल. अशा वेळी साइटवर एकच आरोळी उठते, “मोठा घण आणा!” यंत्रदुरुस्तीत बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे, की घण हा शेवटचा उपाय. पिन नवी मिळते. पण ती ज्यात बसते ते भोक तडकले वा लांबट झाले, तर वेल्डिंग भरून ते पुन्हा बोअर करावे लागते आणि तोवर यंत्र उभे राहते.

म्हणून आधी पाहावे, पिन गंजली आहे की केवळ भाराखाली दबली आहे? घराची कडी अडली की आपण दार किंचित उचलतो आणि कडी अलगद सरकते. येथेही तेच. बकेट सपाट जमिनीवर टेकवून ठोकळ्यांचा आधार द्यावा. चालकाने आर्म अगदी थोडा वर-खाली करून भार नाहीसा होण्याची जागा शोधावी. मग इंजिन बंद करून हायड्रॉलिकचा दाब सोडावा. पिनचा लॉक-बोल्ट निघाला आहे ना, हेही पाहावे.

तरीही पिन हलेना, तर दोष गंजाचा किंवा वाळू मिसळून घट्ट झालेल्या ग्रीसचा. गंज सोडवणारे पातळ तेल दोन्ही बाजूंनी सोडून रात्रभर मुरू द्यावे. त्यानंतर हायड्रॉलिक जॅकने सरळ रेषेत दाब द्यावा. दाब कायम असताना बाजूच्या लोखंडावर हलके ठोके दिले, की बहुधा पिन सुटते.

उष्णता द्यायचीच, तर पिनला नव्हे, भोकाभोवतीच्या लोखंडाला. पोलाद दर अंश सेल्सियसला सुमारे 12 दशलक्षांश प्रसरण पावते. 80 मिलिमीटरचे भोक 150 अंशांनी तापवले, तर ते सुमारे 0.14 मिलिमीटरने मोठे होते आणि तेवढे पुष्कळदा पुरते. मात्र लोखंड लाल होऊ देऊ नये, बुशचा कठीणपणा जातो. जवळचे हायड्रॉलिक पाइप झाकावेत आणि ग्रीस निपल आधी काढावे. कोंडलेले ग्रीस तापून उसळते.

घण मारावाच लागला, तर मध्ये पितळी दांडा धरावा. कठीण पोलादावर कठीण पोलाद आपटले, की कपची गोळीसारखी उडते; पिनचे टोक पसरून ती अधिकच अडकते. मारणारा आणि दांडा धरणारा, दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवाच.

नवी पिन बसवण्यापूर्वी भोक स्वच्छ करून ग्रीस लावावे. आणि भोके जुळली का, हे बोट घालून कधीही तपासू नये. बकेट अर्धा इंच सरकली, तरी बोट जाते. त्यासाठी लोखंडी सळई वापरावी.