सुट्या पानाची साक्ष

एका परिचित संग्राहकांच्या घरी एक छापील लॅटिन पान काचेच्या चौकटीत लावलेले आहे. पानावर तटबंदी, बुरूज आणि शिखरे असलेल्या नगराचे चित्र आहे, भोवती दाट मजकूर आहे आणि नाव आहे 'बोनोनिया', म्हणजे इटलीतील बोलोन्या. त्या पानाचे छायाचित्र मी वर्गात दाखवले आणि विद्यार्थ्यांना सांगितले, "पाचशे वर्षांपूर्वीचे बोलोन्या असे दिसत होते." हे विधान चुकीचे होते. ते कसे चुकले, हे येथे मांडतो. कारण जुन्या छापील साहित्याकडे पाहताना आपल्यापैकी कोणाचीही अशी फसगत होऊ शकते.

हे पान 'लिबर क्रोनिकारुम' या ग्रंथातले. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे १२ जुलै १४९३ रोजी त्याची छपाई पूर्ण झाली. जर्मन भाषांतर त्याच वर्षी डिसेंबरात निघाले. जगाच्या उत्पत्तीपासून स्वतःच्या काळापर्यंतचा हा इतिहास हार्टमान शेडेल या वैद्याने संकलित केला. मुद्रक होता आंटोन कोबेर्गर. चित्रे मिखाएल वोल्गेमुट आणि विल्हेल्म प्लायडेनवुर्फ यांच्या कार्यशाळेत तयार झाली. पुढे विख्यात झालेला चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर वोल्गेमुटकडेच शिकला होता.

असे पान हाती आले तर प्रथम ते उजेडासमोर धरावे. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेल्या कागदात साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात. मग अंक पाहावा. आपल्या पोथीत असतो तसा येथेही पानाला एकच अंक असतो. तो पुढच्या बाजूस, रोमन आकड्यांत. चित्र आणि मजकूर एकाच दाबाखाली उमटले आहेत, कारण लाकडी ठशातील उंच ठेवलेल्या रेषाही खिळ्यांप्रमाणेच शाई घेतात. जुळाऱ्याने खिळ्यांच्या ओळी जुळवायच्या आणि त्यांच्या शेजारी ठसा बसवायचा, अशी ती रीत.

एवढे मी पाहिले होते. पाहिला नव्हता तो ग्रंथ. पुढे संगणकावर संपूर्ण प्रतीची पाने उलटताना बोलोन्याचे तेच चित्र मला माइन्त्सच्या नावाखाली भेटले. मग नेपल्सच्या. मग ल्योंच्या. ठसा एकच, नावे निरनिराळी. ग्रंथातील सुमारे १,८०० चित्रांसाठी ठसे साधारण ६५० एवढेच होते. राजे, पोप, विद्वान यांचे चेहरेही असेच फिरून फिरून येतात.

ही लबाडी म्हणावी का? मला तसे वाटत नाही. ठसा कोरणे वेळखाऊ आणि खर्चाचे काम होते. शिवाय चित्राचे काम 'येथे एका नगराची हकिगत आहे' असे वाचकाला सांगण्याचे होते. लग्नपत्रिकेवरचा गणपती कोणत्या देवळातला, असे आपण कधी विचारतो का? मात्र न्यूरेंबर्गचे दोन पानांवर पसरलेले चित्र त्याच नगराचे आहे. तेथली मंडळी आपले गाव ओळखत होती. म्हणजे एकाच ग्रंथात काही चित्रे दर्शन घडवतात, तर काही केवळ खूण करतात. कोणते चित्र कोणत्या जातीचे, हे सुटे पान सांगू शकत नाही. त्यासाठी त्याची भावंडे शेजारी लागतात.

म्हणूनच सचित्र ग्रंथ फोडून त्याची पाने एकेक विकण्याची रीत मला सलते. या ग्रंथाच्या लॅटिन आवृत्तीच्या शेकडो प्रती आज सुरक्षित आहेत. त्यामुळे माझी चूक मला उमगली तरी. आम्हा गोव्यातल्या अभ्यासकांना ती सोय नेहमी नसते. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमी लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही; ग्रंथ टिकला तो हस्तलिखित नकलांतून. त्यातले एखादे छापील पान उद्या कुठे सापडले, तर ते अमोल ठरेल. पण त्याच्या मागचे-पुढचे पान विचारायला आपण कोणाकडे जाणार?

घरातल्या माळ्यावर जुनी पोथी वा पुस्तक असेल तर त्यातले चित्र चौकटीसाठी काढू नये. पाने सुटलेलीच असतील तर ती ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने ठेवावीत, कोणत्या बासनात, कशासोबत होती हे टिपून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी बोलोन्या आणि माइन्त्स ही दोन्ही पाने शेजारीशेजारी दाखवली. काही न सांगता. एका मुलीने लगेच विचारले, "सर, मग यातले खरे कोणते?" तासाचा उरलेला सगळा वेळ त्या प्रश्नाला गेला.