हाताला काम, सर्वांना ज्ञान

‘कार्यशाळा’ हा शब्द आज शहरी कानांना चांगलाच परिचित झाला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा, नेतृत्वगुणांची कार्यशाळा, तणावमुक्तीची कार्यशाळा. बहुतेक ठिकाणी एक जण पडद्यासमोर बोलतो आणि बाकीचे वहीत टिपून घेतात. वास्तविक कार्यशाळा म्हणजे जेथे काम होते ती जागा. अशा जागेत, काम करता करता दिलेले शिक्षण वर्गात मागे पडलेल्यांनाही सामावून घेऊ शकते काय? आणि तेथील धडे पुढे नोकरी-व्यवसायात व आयुष्यात उपयोगी पडतात काय? या प्रश्नांचे उत्तर शोधायचे तर पुणे जिल्ह्यातील पाबळचा प्रयोग समजून घ्यावा लागतो.

नापासांची शाळा

शिरूर तालुक्यातील पाबळ हे अवर्षणप्रवण भागातील गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात दीर्घकाळ काम केलेले हे शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर खेड्यात राहावयास गेले. माणूस हातांनी काम करीत असताना स्वाभाविकपणे शिकतो, तर मग शाळा त्याचे हात बांधून का ठेवते, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

ही कल्पना महाराष्ट्राला सर्वस्वी नवी नव्हती. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत ‘नई तालीम’ मांडली, तेव्हा उत्पादक श्रम हाच शिक्षणाचा पाया मानला होता. कलबागांनी त्यास आधुनिक तंत्रज्ञानाची जोड दिली. शाळा सुटलेल्या आणि परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलामुलींसाठी निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा कार्यक्रम आखण्यात आला. त्यात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. चारही विभाग मुलामुलींना सारखेच. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाक शिकतो.

२००२ मध्ये याच आवारात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. शाळेने ज्यांना नापास ठरविले, त्यांच्या हाती संगणकनियंत्रित यंत्रे आली. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. काम मात्र पुढे चालू राहिले.

चौकट काटकोनात कशी येते?

अशा शिक्षणात नेमके काय घडते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. लोखंडी अँगलची ४ फूट लांब व ३ फूट रुंद चौकट तयार करावयाची आहे. प्रथम मोजमाप, मग माल किती लागेल याचा हिशेब, नंतर कापणी. सांधे जोडताना एकदम पूर्ण वेल्डिंग करून चालत नाही. उष्णतेमुळे लोखंड ओढले जाते आणि चौकट वाकडी होते. यास्तव आधी कोपऱ्यांवर लहान टाके मारावयाचे व कर्ण मोजावयाचे. दोन्ही कर्ण बरोबर ५ फूट भरले, तर चौकट काटकोनात आहे. न भरल्यास टाका तोडून पुन्हा जुळवावयाचे.

फळ्यावर रुक्ष वाटणारा पायथागोरसचा सिद्धांत येथे गरज म्हणून येतो. त्याचबरोबर आणखी एक धडा मिळतो. चूक टाक्याच्या अवस्थेत सापडली तर ती दोन मिनिटांत सुधारते. पूर्ण जोडणीनंतर सापडली तर लोखंडही वाया जाते आणि श्रमही. नव्या उद्योगातील गुंतवणूक असो वा घरातील मतभेद, हा नियम फारसा बदलत नाही. शिवाय चौकट ज्याच्यासाठी बनते तो ग्राहक खरा असतो. दिलेली तारीख पाळावी लागते, खर्च सांगावा लागतो आणि काम फसले तर त्याच्यासमोर उभे राहावे लागते. गुणपत्रिकेत न उमटणारे हे गुण प्रत्येक व्यवसायात प्रथम पाहिले जातात.

सर्वांना सामावणे म्हणजे काय?

केवळ सर्वांना प्रवेश दिल्याने कार्यशाळा सर्वसमावेशक होत नाही. गटात चपळ विद्यार्थी यंत्राजवळ आणि बुजरा झाडलोट करण्यात, असे चित्र सहज निर्माण होते. म्हणून कामांची पाळी बदलावी लागते. तीच कृती करून दाखविणे, तोंडी सांगणे आणि चित्ररूपाने भिंतीवर लावणे, असे तिन्ही मार्ग ठेवावे लागतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली आणि गरजेनुसार वाजवी सोयींचे तत्त्व घालून दिले. उठावाच्या खुणांची पट्टी किंवा खुर्चीवर बसून काम करता येईल अशा उंचीचे टेबल, या गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘मला जमत नाही, दाखवा’ असे म्हणणाऱ्यास कोणी हसता कामा नये.

धोका कोठे आहे?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची सूचना केली. तथापि, आपल्या समाजात एक जुनी विभागणी अद्याप घट्ट आहे. हुशारांसाठी पुस्तक आणि ‘ढ’ मुलांसाठी हत्यार! कार्यशाळा ही मागे पडलेल्यांची सोय म्हणूनच उरली, तर ती त्यांच्यावरील शिक्का अधिक गडद करील. नव्वद टक्के मिळविणाऱ्या विद्यार्थ्यालाही कर्ण मोजता आला पाहिजे, आणि तो शिकवणारा त्याचा नापास झालेला सोबती असू शकतो, हे पालकांनी व शाळांनी मान्य करावयास हवे.

कार्यालयांनाही हे लागू पडते. प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत भाषणांऐवजी प्रलंबित पडलेले एखादे खरे काम गटासमोर ठेवावे; शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत ज्यांचा त्याच्याशी संबंध येतो, त्या सर्वांना एका टेबलाशी बसवावे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते काम किती पुढे सरकले, यावरूनच प्रशिक्षणाचे मोल ठरेल.