चिंध्यांचे बटवे आणि मजुरीचा हिशेब

मागच्या महिन्यात आम्ही पनवेल स्टेशनच्या पलीकडच्या एका वस्तीत मुलीच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून द्यायला गेलो होतो. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ब्लाऊजपीसच्या चिंध्या, पडद्यांचे तुकडे, साड्यांचे काठ, अस्तर, चेनचे गुंडाळे आणि मधोमध शिवणयंत्र. ताई बटवे शिवत होत्या, मुलगी त्यांत नाडी ओवत होती. अर्जात आईच्या व्यवसायाचा रकाना आला. काय लिहू, असे आम्ही विचारले. ताई म्हणाल्या, "साहेब, गृहिणी लिहा. मी काही करत नाही." त्या वेळी त्यांच्या हातात दिवसातला तिसावा बटवा होता!

बंधू-भगिनींनो, "मी काही करत नाही" हे वाक्य ताईंचे नाही. ते त्यांच्या तोंडी घातले गेले आहे.

चिंध्या जोडून वस्तू करणे ही आमच्या आयाबायांची जुनी विद्या. गोधडी, वाकळ, म्हाताऱ्यांच्या कमरेची पान-तंबाखूची चंची हे सारे उरलेल्या कापडाचेच. विनयपिटकात भिक्खूंच्या पांसुकूल चीवराचे वर्णन आहे. टाकून दिलेले कापड वेचून, धुऊन, जोडून ते केले जाई. मगधातील भातशेतीचे बांध दाखवून तथागतांनी आनंदाला तशा जोडणीचे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने ते करून दाखवले. चिंधीत कमीपणा नाही. कमीपणा आहे तो चिंधीच्या भावात माणसाची मेहनत विकत घेण्यात.

राज्यात जून 2018 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीला मान मिळाला. दुकानात ती 'पर्यावरणपूरक' म्हणून विकली जाते. पण शिवणारीचे काय? व्यापारी गोणीभर तुकडे टाकून जातो, नग मोजून नेतो, शिवण वाकडी दिसली की माल परत करतो आणि पैसे कापतो. यंत्र, सुई, दोरा, तेल, विजेचे बिल ताईंचे. विचारले तर तो म्हणतो, "त्या माझ्या कामगार नाहीत, फावल्या वेळात शिवतात."

हे म्हणणे कायद्याला मान्य होते काय? मुळीच नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी एप्रिल 1946 मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. 1948 मध्ये कायदा झाला. त्या कायद्याच्या 'कामगार' या व्याख्येत, दुसऱ्याने दिलेला माल स्वतःच्या घरी बसून विक्रीसाठी तयार करून देणारी व्यक्तीही स्पष्टपणे घातलेली होती. म्हणजे आमच्या ताई 1948 सालीच कायद्याने कामगार होत्या. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नगावर मजुरी घेणारे शिंपीही कामगारच. काम नापसंत करून परत करण्याचा अधिकार मालकाकडे असणे हीच त्याच्या नियंत्रणाची खूण. अधूनमधून कापड घरी नेऊन शिवले तरी नाते बदलत नाही. 1982 साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात तर न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे संविधानाच्या कलम 23 ने बंद केलेली वेठ ठरवली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेठ केली, त्यांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता खरा धोका पाहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली. तिच्यातील कामगाराच्या व्याख्येत घरी माल नेऊन काम करणाऱ्यांचा तो उल्लेख राहिलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत 'गृहाधारित कामगार' आहेत, पण ते असंघटितांच्या योजनांपुरते. योजना मिळेल, मजुरीचा हक्क मात्र भांडून सिद्ध करावा लागेल. तरीही एक दार उघडे आहे. संहितेनुसार सरकार एखाद्या व्यक्तीला कामगार म्हणून जाहीर करू शकते. घरी शिवणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या सर्व बायांना महाराष्ट्र सरकारने असे जाहीर करावे, ही मागणी चळवळीने हाती घेतली पाहिजे.

मागणी होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? नाही. एक वही घाला. तारीख, किती तुकडे आले, किती नग गेले, किती परत आले, किती पैसे मिळाले, हे रोज लिहा. व्यापाऱ्याची चिठ्ठी फेकू नका. न्यायालयात हीच वही बोलते. मग दर काढा. समजा, आठ तासांत 60 बटवे होतात आणि किमान वेतन 480 रुपये धरले, तर नगाला 8 रुपये पडले पाहिजेत. दोरा-विजेचा खर्च वेगळा. हे आकडे उदाहरणापुरते. चालू दर कामगार कार्यालयात विचारावा.

एकटी बाई दर मागेल तर गोणी शेजारणीकडे जाईल. म्हणून सगळ्यांनी मिळून मागावा. अहमदाबादला 'सेवा' संघटनेच्या चिंध्यांच्या खोळी शिवणाऱ्या भगिनींनी दर मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांचे काम बंद केले. त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी 'सबिना' ही सहकारी संस्था काढली आणि गिरण्यांकडून चिंध्या थेट घेतल्या. अहमदाबादला झाले ते पनवेलला का होऊ नये? आमच्या विहारांत जागा आहे, शिकलेली मुले आहेत. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या वह्यांसाठी द्या.

त्या अर्जात आम्ही 'गृहिणी' लिहिले नाही. 'शिलाई कामगार' लिहिले आणि ताईंना वाचून दाखवले. त्यांनी तो शब्द मुलीकडून पुन्हा एकदा वाचून घेतला आणि मग सही केली.

जयभीम!