रक्तातला विळा: रिपोर्ट नॉर्मल आला तरी

पुनावळे, ताथवडे, वाकड भागातल्या भाड्याच्या खोल्यांत नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडची कितीतरी कुटुंबं राहतात. हिंजवडीत, चाकणला काम मिळालं म्हणून आलेली. थंडी पडली की त्यांच्यातल्या एखाद्या पोराचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे दिसतात. घरचे वाढीचं दुखणं म्हणून बाम चोळतात, कुणी काविळीचा झाडपाला आणतं. डॉक्टरला पोराचं मूळ गाव कुणी सांगत नाही, त्यामुळे सिकलसेलची शंकाही येत नाही.

हा आजार डोळ्याला दिसत नाही, तो पाहायला खोल खोल जावं लागतं. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर निरोगी तांबड्या पेशी गोल दिसतात. सव्वाशे-दीडशे पेशी ओळीने मांडल्या तर एक मिलिमीटर भरतो. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्याचं लिहिलं. हा तरुण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आला होता. पेशी का वाकते, ते त्या भिंगातून कळत नव्हतं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. मग व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली: १४६ दुव्यांच्या साखळीतला फक्त सहावा दुवा बदललेला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीच्या आतलं चित्र दिलं. प्राणवायू कमी झाला की हे रेणू एकमेकांना चिकटतात आणि १४ पदरांचा पीळदार दोर होतो. तो दोर पेशीला आतून ताणतो. ताठ झालेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढे हाडाला रक्त पोचत नाही. पोर रात्रभर रडतं ते यामुळे.

अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि दोर लवकर वळला जातो. म्हणून भट्टीजवळ किंवा उन्हात काम करणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाने पाण्याची बाटली जवळ ठेवावी. थंडी, ताप, अतिश्रम हेही टाळायचं.

नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं. गोंड, माडिया, परधान आणि विदर्भातल्या आपल्या समाजात तो आढळतो. आफ्रिकेत, अरबस्तानातही आहे. जिथे मलेरिया फार, तिथे हा बदल टिकला, कारण वाहकाला गंभीर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. यात ना जातीचा दोष, ना मागच्या जन्माचा. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी काम केलं. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता महत्त्वाचं. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा त्रास नसतो आणि साध्या रक्ततपासणीत काही दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका. सोल्युबिलिटी टेस्ट दोष आहे एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगते. महापालिकेच्या दवाखान्यात गेल्यावर आधी सांगा, ‘आमचं गाव विदर्भातलं, सिकलसेलची तपासणी लिहून द्या.’

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. सोयरीक जुळवताना पत्रिका नको, हा कागद बघा. लग्न झालेलं असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा. तान्ह्याला पहिले सहा महिने त्रास जाणवत नाही. नंतर हातापायाची बोटं सुजू लागली तर उशीर करू नका.

हायड्रॉक्सीयुरियाने कळा कमी होतात, पण गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे रुग्णाला प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. गावाकडे तपासणी होऊन कार्ड मिळालं असेल, तर पुढच्या खेपेला ते पेटीतून काढून इकडे घेऊन या.