लहानांची ग्रामसभा

मुलांनो, गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पिण्याचे पाणी, रस्त्यांवरील दिवे, गटारे, गावाची स्वच्छता अशी कितीतरी कामे तिच्याकडे असतात. ही कामे नीट होतात की नाही, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला असतो. गावातील सर्व मतदार मिळून ग्रामसभा बनते. परंतु मतदार होण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मग गावात जी शेकडो मुले राहतात, त्यांचे म्हणणे कोणी मांडावयाचे?

“त्यांचे आईबाप मांडतील,” असे कोणी म्हणेल. हे उत्तर खरे आहे. पण ते अर्धेच खरे आहे. शाळेच्या वाटेवर जो ओढा मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागतो, तोच लहान मुलाच्या कमरेपर्यंत चढतो. शाळेतील नळाला पाणी नसल्याचे आधी मुलांनाच कळते. सायंकाळी घरी परतताना कोणत्या वळणावर अंधाराची भीती वाटते, हे त्या वाटेने येणारी मुलगीच नेमके सांगू शकते. काटा ज्याच्या पायात रुततो, त्यालाच त्याची जागा ठाऊक असते.

हा विचार मनात धरून आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यात एक उपक्रम सुरू झाला. आजच्या उडुपी जिल्ह्यात कुंदापूर नावाचा तालुका आहे. कोकणाप्रमाणेच तेथेही पाऊस धो धो कोसळतो व ओढेनाले दुथडी भरून वाहतात. या तालुक्यातील काही गावांत १९९५ साली मुलांच्या पंचायती स्थापन झाल्या. कानडी भाषेत ‘मक्कळु’ म्हणजे मुले. म्हणून या पंचायतींना ‘मक्कळ पंचायत’ असे नाव मिळाले. मुलांनी आपले प्रतिनिधी आपणच निवडले. त्यांत शाळेत जाणारी मुले होती, तशीच पोटासाठी काम करणारी मुलेही होती. आपल्या अडचणींची माहिती त्यांनी स्वतः गोळा केली आणि ती गावच्या पंचायतीपुढे ठेवली.

पुढे २००६ साली कर्नाटक सरकारने आदेश काढला की, राज्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा मुलांची स्वतंत्र ग्रामसभा भरवावी. अशा रीतीने एका तालुक्यातील प्रयोग साऱ्या राज्याचा रिवाज झाला.

ही सभा चालते कशी? सभेपूर्वी मुले शाळेत व वस्तीवस्तीत एकत्र जमतात आणि आपल्या अडचणींची यादी करतात. सभेच्या दिवशी पंचायतीचे अध्यक्ष, सदस्य व अधिकारी समोर बसतात. शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, आरोग्य कर्मचारी यांनाही बोलावणे असते. मुले एकामागून एक उठून प्रश्न विचारतात व मोठी माणसे उत्तरे देतात. काय ठरले, याची नोंद होते. गेल्या वर्षी दिलेल्या वचनांपैकी किती पाळली गेली, हेही मुलांनी विचारावे, अशी अपेक्षा असते.

मात्र नुसते मागणे सोपे असते. आपले मागणे पटवून देणे अवघड असते. समजा, तुम्ही उठून म्हणालात, “आम्हांला पूल हवा.” पंचायत म्हणेल, “पाहू.” पण तुम्ही जर सांगितलेत की, ओढ्यापलीकडच्या वस्तीतून इतकी मुले शाळेत येतात, पावसाळ्यात पाणी चढल्यामुळे त्यांचे इतके दिवस बुडाले आणि हा पाहा शाळेचा हजेरीपट, तर “पाहू” एवढे म्हणून कोणालाही उठून जाता येणार नाही. आकडे हे दुबळ्या आवाजाला बळ देतात.

पंचायतीचीही एक बाजू असते. तिच्यापाशी पैसा थोडा आणि कामे फार. पूल, विहीर व क्रीडांगण ही तिन्ही कामे एका वर्षात होतीलच असे नाही. तेव्हा आधी कोणते काम घ्यावे, याचा विचार मुलांनाही करावा लागतो. कधी “या वर्षी जमणार नाही” असेही उत्तर मिळते. ते कारणासह मिळाले, तर त्यात अपमान नाही. अपमान असतो तो उत्तरच न देण्यात. मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घ्यावे, दोन भाषणे करावी, खाऊ वाटावा आणि सभा संपवावी, असे जेथे होते, तेथे समारंभ झाला असे म्हणावे. ग्रामसभा झाली असे म्हणू नये.

मुलांना कारभारात असे सामावून घेण्याचे प्रयत्न परदेशांतही झाले आहेत. फ्रान्समधील शिल्टिगहाइम या लहान शहराच्या नगरपालिकेने १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मुलांची नगरसभा स्थापन केली. पुढे त्या देशातील अनेक गावांनी तिचे अनुकरण केले. अमेरिकेतील बोस्टन शहराने २०१४ साली आपल्या अंदाजपत्रकातून दहा लक्ष डॉलर वेगळे काढले आणि ते कोणत्या कामांवर खर्च करावेत, हे १२ ते २५ वर्षे वयाच्या मुलांना व तरुणांना मतदानाने ठरवू दिले. त्यांनी बागांची सुधारणा, शाळांसाठी संगणक यांसारखी कामे निवडली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली संमत केलेल्या बालहक्कांच्या करारातही हेच तत्त्व आहे. ज्या गोष्टींचा मुलांच्या जीवनाशी संबंध आहे, त्यांविषयी आपले मत मांडण्याचा मुलांना हक्क आहे आणि त्यांचे वय व समज पाहून त्या मताला योग्य ते महत्त्व दिले पाहिजे, असे तो करार सांगतो. भारताने १९९२ साली या करारास मान्यता दिली.

मत मांडण्याचा हक्क म्हणजे हट्ट पुरवून घेण्याचा परवाना नव्हे. जो बोलतो, त्याने दुसऱ्याचेही ऐकावे लागते. जो पूल मागतो, त्याने पुलाच्या कठड्याची मोडतोड न होऊ देण्याची जबाबदारीही पत्करावी लागते. अठराव्या वर्षी मतपत्रिका हाती आली म्हणजे माणूस एका दिवसात शहाणा नागरिक होत नाही. पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही. त्याचप्रमाणे प्रश्न विचारणे, उत्तर ऐकणे आणि दिलेल्या वचनाचा पाठपुरावा करणे, ही कामे लहानपणापासून केल्यावाचून कारभार करता येत नाही. ज्या गावातील मुलांना आज असे प्रश्न विचारता येतात, त्या गावाच्या ग्रामसभेत उद्या मुकी माणसे बसणार नाहीत.