बहिष्काराचा अधिकार कोणाचा?

स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, 1949 मध्ये, मुंबई प्रांताने बहिष्कृतीला बंदी घालणारा कायदा केला. जात असो वा धर्मपंथ, त्याने आपल्यातल्या कुणाला बाहेर काढून त्याचे हक्क हिरावले, तर तो निर्णय निरर्थक ठरणार होता आणि तो घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड होणार होता. प्रार्थनास्थळात जाण्याचा आणि दफन-दहनाचा हक्कही त्या हक्कांत स्पष्टपणे धरला होता. मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागलांच्या पीठाने हा कायदा वैध मानला. पुढे दाऊदी बोहरा समाजाचे 51वे दाई, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, सय्यदना ताहेर सैफुद्दीन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 9 जानेवारी 1962 रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा रद्द झाला. धर्माच्या आधारावर केलेली बहिष्कृती हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग असून त्याला राज्यघटनेच्या 26व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे, असे बहुमताने म्हटले. हा निकाल बदलायला हवा, असे माझे ठाम मत आहे. पंथाला ‘हा आमचा नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य जरूर असावे. पण त्या एका वाक्याने माणसाचे घर, धंदा आणि कबर हिरावून घेण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळत नाही.

प्रत्यक्षात काय पणाला लागलेले असते ते पाहिले पाहिजे. बोहरा मुलगा किंवा मुलगी वयात आली की दाईंशी निष्ठेची शपथ घेते. या शपथेला मिसाक म्हणतात. निकाहासाठी दाईंची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची रजा, म्हणजे परवानगी लागते. जमातखाना, मशीद, कब्रस्तान यांचा कारभार त्याच यंत्रणेकडे. आता एखाद्याने जमातीच्या पैशांचा हिशेब मागितला आणि त्याच्यावर बरात, म्हणजे बहिष्कार जाहीर झाला, तर त्याचे पुढे काय होते? असगर अली इंजिनियर यांच्यासारख्या सुधारणावाद्यांनी अनेक वर्षे हेच मांडले: सख्खे नातेवाईक बोलणे टाकतात, गिऱ्हाईक तुटते, मुलांची लग्ने अडतात आणि मृत्यूनंतर पूर्वजांच्या कब्रस्तानात जागा मिळत नाही. या माणसाने अल्लाहला किंवा इमामाला नाकारलेले नसते. त्याने प्रश्न विचारलेला असतो, तोही कारभाराचा.

बहुमताची बाजू पोकळ नव्हती, हे मान्य केले पाहिजे. मूळ श्रद्धाच नाकारणाऱ्याला बाहेर काढता येत नसेल तर पंथाची एकसंधता टिकणार कशी, हा न्या. दासगुप्तांचा प्रश्न योग्य होता. 1949 चा कायदा सगळ्याच बहिष्कृतींना एका फटक्यात बाद करत होता. श्रद्धेच्या कारणावरून झालेली कोणती आणि सूडाने झालेली कोणती, हा भेद त्यात नव्हता. पण न्यायालयाने तरी तो भेद कुठे केला? सदस्यत्व जाणे आणि नागरी आयुष्य उद्ध्वस्त होणे या दोन गोष्टी त्याने एकाच गाठीत बांधल्या. ती गाठ सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी ओळखली होती. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, म्हणून हा कायदा अस्पृश्यता संपवणाऱ्या घटनेच्या वाटेवरचाच आहे, असे त्यांनी भिन्नमत लिहिले. महाराष्ट्राला यात नवे काही वाटू नये. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर होते. अस्पृश्यांनी हक्क मागताच गाव त्यांची मजुरी थांबवते, दुकान बंद करते, वाट अडवते, हे त्या समितीने नोंदवले होते. पुढे गोलमेज परिषदेपुढे आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली.

यावर पहिला आक्षेप असा की, पटत नसेल त्याने पंथ सोडावा. बळजबरी कुठे आहे? हे उत्तर क्लबाच्या सभासदाला ठीक आहे. क्लब सोडणाऱ्याची आई त्याला परकी होत नाही. ज्या समाजात जन्म, निकाह, भागीदारी आणि दफन सगळे एकाच रजेवर चालते, तिथे ‘सोडून जा’ म्हणजे सगळ्यावर पाणी सोड. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: असा कायदा केला तर न्यायाधीश धर्मशास्त्री होतील. ही भीती मलाही खरी वाटते. 1954 च्या शिरूर मठ प्रकरणापासून न्यायालये धर्माचे ‘अत्यावश्यक अंग’ शोधत बसली आणि अनेकदा भाविकांनाच त्यांचा धर्म शिकवू लागली. म्हणूनच कसोटी बदलली पाहिजे. ही प्रथा धर्मात किती मुरलेली आहे, हे न विचारता तिच्यामुळे माणसाचा कोणता नागरी हक्क जातो, एवढे विचारावे. नमाज कोणी पढवावी, शपथ कोणाला द्यावी, हे पंथाने ठरवावे. सार्वजनिक न्यासाच्या जमिनीवर दफन, वारसाहक्क, व्यापार, कुटुंबाशी संबंध, यांवर मात्र पंथाचा हुकूम चालू नये. श्रद्धेला हात न लावता निवाडा करता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये दाखवले आहे. दाईंच्या गादीच्या वारशाचा दावा न्या. गौतम पटेल यांनी निकाली काढला, तो नेमणुकीचा पुरावा आहे की नाही एवढ्याच मुद्द्यावर.

काहींना ही मांडणी फारच नरम वाटेल. समता आहे तर पंथाच्या आतही ती पूर्णपणे लागू करा, असे ते म्हणतील. पण जे सरकार आज सुधारकाच्या बाजूने मशिदीत शिरेल, ते उद्या त्याच दाराने सनातन्यांच्या बाजूनेही शिरेल. अल्पसंख्याकांना ही काळजी वाटते, ती निराधार नाही.

1962 च्या निकालाच्या फेरविचाराची याचिका 1986 पासून पडून होती; 10 फेब्रुवारी 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती शबरीमलाचे प्रश्न ज्यांच्यापुढे आहेत त्या नऊ न्यायमूर्तींकडे सोपवली. दरम्यान महाराष्ट्राने जातपंचायती आणि गावकीच्या छळातून धडा घेऊन सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. तो जुलै 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. वाळीत टाकलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. आपल्या जातीत, जमातीत, गावात असे कुणी असेल तर त्याच्यापर्यंत ही माहिती पोहोचवा, आणि तक्रार द्यायला त्याच्यासोबत जा.