सोन्याचा कस, संशोधनाची कसोटी

रायपूरचा सदर बाजार सराफी पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. सराफ पूर्वापार कसोटीच्या दगडावर सोने घासून त्याचा कस पाहत आले. ओरखडा न पाडता ही परीक्षा करता येईल का? पदवीच्या अंतिम वर्षातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न संशोधन प्रकल्पासाठी घेता येईल.

यासाठी आर्किमिडीजचे तत्त्व उपयोगी पडते. दागिना प्रथम हवेत व नंतर पाण्यात बुडवून तोलावा. वजनातील घट म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. हवेतील वजनाला या घटीने भागले की घनता मिळते. शुद्ध सोन्याची घनता दर घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, तर तांब्याची ८.९६ ग्रॅम असते. त्यामुळे तांब्याचे हीण वाढले की दागिन्याची घनता घटते.

खरे संशोधन येथून पुढे सुरू होते. २२ कॅरेटचा १० ग्रॅमचा दागिना पाण्यात सुमारे ०.५६ ग्रॅमच हलका होतो. ही घट मोजताना ०.०१ ग्रॅमची चूक झाली, तरी घनतेत जवळजवळ दोन टक्क्यांचा फरक पडतो. चिकटलेला हवेचा बुडबुडा चांगल्या सोन्यालाही हिणकस ठरवतो. म्हणून मापन पुनःपुन्हा करावे आणि अपेक्षेविरुद्ध आलेली नोंदही वहीतून खोडू नये. शिवाय टंगस्टनची घनता १९.२५, म्हणजे सोन्याच्या अगदी जवळची असल्याने त्याची भेसळ या पद्धतीने ओळखता येत नाही.

ग्राहकाची आयुष्यभराची बचत दागिन्यात गुंतलेली असते. म्हणूनच निष्कर्षाइतकीच त्याची मर्यादाही अहवालात स्पष्ट लिहावी. संशोधकाचा कस तेथेच लागतो.